गोजराबाईंचं लुगडं

“फिर,” केळुसकर बाई म्हणाल्या.

मी फिरलो.

“आता दहा पावलं मागे जा आणि उभा राहा.”

गेलो, उभा राहिलो. अंगात नवा कोरा पोशाख होता. हिरव्या रंगाच्या चार छटा, त्यावर पानं, फांद्या, मधूनच एखादी वेल. पुण्याच्या दुकानातून मुद्दाम मागवलेला. घरी आरशासमोर उभा राहिलो तेव्हा बायको म्हणाली होती, आता तुम्ही कामं सांगितल्यावर दिसणारच नाही म्हणायचं. मी तेवढ्यावर खूश होतो.

“कापड चांगलं आहे,” बाई म्हणाल्या. “कोयनेच्या रानात गेलास तर जरूर घाल. पण इथे, नजर पोचते तिथपर्यंत, तुला हिरवं काय दिसतंय?”

मी पाहिलं. दसरा होऊन गेला होता. माळावरचं गवत पिकून पिवळं पडलं होतं, त्याखाली तांबूस मुरूम, आणि वर पांढरट आभाळ. हिरवा होतो तो मी एकटा.

“काल इथे झाड नव्हतं, आज कुठून उगवलं, असं पाखरू विचारेल,” बाई म्हणाल्या.

ज्यांच्या अंगणात हे चाललं होतं त्या गोजराबाई लवटे शेरडांना पाणी दाखवत होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “पावनं, जरा लांब ऱ्हावा. शेरडं खातील तुमास्नी.”

बाई हसल्या तसं मी त्यांना कधी हसताना पाहिलं नाही. मी आत जाऊन तो पोशाख उतरवला. तो आजतागायत कपाटात आहे, आणि कोयनेला जायचा योग काही आला नाही.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओचा. बार्शीत ‘तोडकरी व्हिडिओ’ म्हटलं की कोणीही दुकान दाखवेल. मी कॅमेरा खांद्यावर घेतला की शंभर माणसं पदर सावरतात, केस नीट करतात आणि माझ्याकडे बघून हसतात. आपल्याकडे कोणीच बघू नये असं काम मी जन्मात केलं नव्हतं. ते अंगावर आलं ते योगायोगानं. पुण्याच्या पक्षी-अभ्यासकांचा ठरलेला छायाचित्रकार ऐन वेळी आजारी पडला, करमाळ्याच्या पलीकडच्या या माळावर तातडीनं कोणीतरी हवं होतं, आणि जवळ राहणारा कॅमेरावाला म्हणून माझं नाव कोणीतरी सुचवलं.

तातडी अशी होती. हा माळ कागदावर पडीक जमीन होता, आणि पडीक जमिनीवर झाडं लावायचं ठरलं होतं. चर खोदणारी मशीन रस्त्याला लागली होती. या माळावर माळढोकाची एक मादी आहे आणि तिच्याबरोबर पिल्लू आहे, असं अभ्यासकांचं म्हणणं होतं. माळढोक म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा, राजासारखा चालणारा पक्षी. जगात आता बोटांवर मोजण्याइतके उरलेले. खोदाईचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले होते, “पिल्लू मला चालताना दाखवा, मी मशीन परत पाठवतो. पण नुसत्या सांगण्यावर काम थांबवलं तर मलाच घरी पाठवतील.” ते परवा दुपारी येणार होते, मशीन घेऊनच.

आणि गोजराबाईंचं तर सगळंच त्या माळावर होतं. मालक मेंढरं घेऊन खाली भीमेकडे गेलेले. घरी ही बाई, दहा-बारा शेरडं, दोन म्हशी. “झाडं लावायला माझं काय जातंय,” त्या मला म्हणाल्या होत्या, “पन आधी कुंपन घालत्यात. मग पाच वरीस आत पाय ठिवू देत न्हाईत. तवर माझी शेरडं काय दगडं खातील?” त्या पिल्लावर त्यांचा जीव होता तो काही पक्षिप्रेमानं नव्हे. पिल्लू दिसलं तर माळ राहणार होता.

तर माणसानं पिल्लापर्यंत पोचायचं कसं, हे सांगायला केळुसकर बाई आल्या होत्या. वसुधा केळुसकर. मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, वय साठीच्या पुढे, अंगानं काडी, आणि डोळे असे की समोरच्याच्या शर्टाचा उसवलेला टाका बोलता बोलता दिसावं. उभी हयात त्यांनी नाटकांची वेशभूषा केली. “शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला शालूचा काठ दिसला पाहिजे, हे माझं काम होतं,” त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर भाच्यानं त्यांना गिधाडं बघायला कड्यावर नेलं. तिथे सगळ्यांचे कपडे पाहून बाईंना राहवेना. त्यांनी घरी येऊन जुन्या पडद्यांचा एक अंगरखा शिवला, आणि तेव्हापासून माणसं दिसेनाशी करण्याचा नवा उद्योग सुरू केला.

त्यांच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती. ती उघडली तेव्हा मला वाटलं, भंगारवाल्याचा माल आहे. फाटक्या चिंध्या, गोणपाट, माशांच्या जाळ्याचे तुकडे. बाईंनी एकेक पोशाख वर काढला.

“हा खाडीचा. खारफुटीत सगळं उभं असतं, मुळं, खोडं, सावल्या. म्हणून याच्यावर उभे पट्टे, आणि गुडघ्याखाली नुसता चिखल. आडवा पट्टा एक जरी घातला तरी बगळा उडतो. आणि हा सागाच्या रानाचा, पानगळीतला. बघ, तुकडे किती मोठे आहेत. सागाचं पान ताटाएवढं, मग बारीक नक्षी काढून काय उपयोग?”

“आणि हा?” मी एक काळा-राखाडी डगला उचलला. त्याला पांढरे डाग पडले होते. “याच्यावर चुना सांडलाय.”

“सांडलेला नाही, सांडवलाय. गिधाडांच्या कड्यावर असंच असतं. तोच कड्यावर पावसाळ्यात नेलास तर फुकट. पावसात खडक काळा पडतो, शेवाळ धरतो. जागा तीच, पण कपडा दुसरा.”

मी लग्नातला माणूस. मला कापड म्हणजे पैठणी, शेरवानी, फार तर आहेराचा टॉवेल. पण बाई ती चिंधी हातात धरून बोलत होत्या तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला. एखाद्या कामावर इतकं प्रेम करणारं माणूस मी फार कमी पाहिलं आहे.

माळाचे दोन पोशाख तळाशी होते, एक त्यांचा, एक छायाचित्रकारासाठी, म्हणजे आता माझा. जुन्या धोतराचे, बाभळीच्या सालीच्या काढ्यात रंगवलेले. खांद्यांवर आणि डोक्यावरच्या टोपड्यावर सुतळीचे लोंबते झुबके. बाईंनी ते उन्हाळ्यापासून इथेच, गोजराबाईंच्या काटेरी कुंपणावर टाकून ठेवले होते, आणि या खेपेला आल्यावर ट्रंकेत घेतले होते. ऊन, पाऊस, धूळ, शेरडांचा वास, चुलीचा धूर, सगळं त्यांनी पिऊन घेतलं होतं.

“हे मी शिवलेले नाहीत,” बाई म्हणाल्या. “मी नुसते कापून दिले. शिवले माळानं.”

मग माझी परीक्षा झाली. मी तो पोशाख घालून गवतात जाऊन बसायचं आणि बाईंनी मला शोधायचं. पहिल्या वेळी त्यांनी जागेवरूनच हाक मारली, “मल्लिनाथ, मनगटावरचं घड्याळ काढ.” दुसऱ्या वेळी म्हणाल्या, “कपाळाला माती लाव. घामानं चमकतंय. आणि ताठ बसू नकोस. माणूस रंगावरून नाही ओळखू येत रे, डोकं आणि दोन खांदे यांवरून ओळखू येतो. ती कड मोड.” मी खांदे पाडले, मान तिरपी केली, सुतळीचे झुबके तोंडावर ओढून घेतले आणि बसून राहिलो.

तिसऱ्या वेळी बराच वेळ कोणी हाक मारली नाही. मग पावलं वाजली. माळावर वाळलेलं शेण वेचायला गोजराबाई निघाल्या होत्या. त्याला त्या रानशेण्या म्हणत. त्या थेट माझ्यापाशी आल्या, माझ्या पाठीला शेण्यांचा ढीग समजून वाकल्या आणि हात घातला. पुढे त्यांनी जे शब्द वापरले ते लिहिण्यासारखे नाहीत. लांबून बाई टाळ्या वाजवत होत्या.

संध्याकाळी आम्ही ते कपडे पुन्हा कुंपणावर टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत आम्ही नुसतं पाहायला गेलो. गाडीवाटेच्या बांधाआड पडून बाईंनी दुर्बिणीतून मादी शोधली. एका कोरड्या ओढ्याच्या पलीकडे ती चरत होती. दोन पावलं चालायची, मान उंच करायची, चारी दिशांना बघायची. पिल्लू काही दिसलं नाही, पण मादी ज्या बेतानं चालत होती त्यावरून बाई म्हणाल्या, “आहे. लहान मूल हाताशी असलेली आई अशीच चालते.” उद्या पहाटे पोशाख घालून ओढ्याच्या पात्रातून रांगत जायचं, काठावरच्या खळग्यात बसायचं आणि ती येईल तेव्हा कॅमेरा सुरू करायचा, असं ठरलं.

दुपारी वस्तीवर परत आलो तर अंगणात दोरीवर आमचे पोशाख वाळत होते.

धुतलेले. नुसते धुतलेले नाहीत, तर गोजराबाईंनी दिवाळीसाठी जपून ठेवलेला सुवासिक पावडरीचा पुडा त्यांच्यावर सोडला होता. वर नीळ दिली होती. एक पोशाख वाळला होता, तर त्यावर तांब्यात निखारे घालून इस्त्री चालली होती. बाह्यांना धार आली होती. सुतळीचे झुबके नीट विंचरून एका बाजूला बसवले होते.

“लई मळ हुता बाई,” गोजराबाई कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या. “चार पान्यांतनं काढलं तवा निघाला. पावन्यानं मळकी कापडं घालून माझ्या दारातनं जायाचं म्हंजे लोक मला काय म्हनतील?”

बाई पुढे झाल्या. दोरीवरची बाही त्यांनी हातात घेतली, नाकाशी नेली. त्या मला पाठमोऱ्या होत्या, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मी मात्र तोंड उघडलं. “अहो गोजराबाई, हे तुम्ही काय–”

माझ्या पायावर एक टाच आली आणि तिथेच राहिली.

“किती सुंदर निघालेत,” बाई म्हणाल्या. “मी इतकी वर्षं कपड्यांत काढली, पण माझ्या हातून एवढं स्वच्छ कधी निघालं नसतं. हात दाखवा बघू. केवढे सोलवटलेत.”

गोजराबाईंनी लाजून हात पदराखाली घेतले आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी बाईंना गोठ्यामागे गाठलं. “आता काय? पुन्हा मळवू. लोळतो मी मातीत.”

“मातीनं मळ लागेल, चमक जाणार नाही,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “त्या पावडरीत एक द्रव्य असतं, कपडा उजळ दिसावा म्हणून. आपल्याला तो नुसता स्वच्छ वाटतो. पाखरांच्या डोळ्यांना मात्र आपल्याला न दिसणारा उजेड दिसतो. उद्याच्या उन्हात आपण त्यांना दिवे लावल्यासारखे दिसू. ते उतरायला महिना-दोन महिने ऊनपाऊस लागतो.”

“मग सांगायला नको त्यांना? त्यांच्याच माळाचा प्रश्न आहे.”

“म्हणूनच नाही सांगायचं,” बाई म्हणाल्या. “समज, उद्या नाही जमलं. मशीन आली, माळ गेला. मग ती बाई जन्मभर काय म्हणत बसेल? की मी पाहुण्यांचे कपडे धुतले म्हणून माझा माळ गेला. आहे आपल्या अंगात ते भरून द्यायची ताकद? तिनं सणाचा पुडा फोडला रे आपल्यासाठी. तिला यातलं अक्षर कळता कामा नये. तू तर तोंडच उघडू नकोस.”

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांना दोन दिवसांतच कळलं होतं.

ती दुपार बाईंनी बांधावर बसून काढली. मला वाटलं, हार मानली. रागही आला. इतक्या महिन्यांचं काम धुवून दोरीवर टाकलेलं आणि ही बाई गप्प. उन्हं कलली तशा गोजराबाई पाटी घेऊन नेहमीसारख्या रानशेण्या वेचायला निघाल्या. बाईंनी दुर्बीण उचलली. थोड्या वेळानं त्यांनी ती माझ्या हातात दिली.

“बघ. आणि मला सांग, काय दिसतं.”

मादी ओढ्याच्या पलीकडे चरत होती. गोजराबाई वाकत, उठत, वेचत तिच्या दिशेनं चालल्या होत्या. अंगावर जुनं विटकं लुगडं, पण विटकं झालं तरी डाळिंबीच. पिवळ्या माळावर दोन कोसांवरून दिसावं असं. त्या आणखी जवळ गेल्या. आम्ही सकाळी जेवढ्या अंतराची स्वप्नं पाहिली होती त्याच्या निम्म्यावर. मग एका दगडावर टेकल्या, पायातला काटा काढला, पाटी डोक्यावर घेतली आणि वळल्या. मादीनं एकदाही मान उंच केली नाही.

“ती उडालीच नाही,” मी म्हणालो.

“आपण किती शहाणे,” बाई म्हणाल्या. “गवतासारखं दिसायच्या नादात महिने घालवले. इथे गवतासारखं दिसायची गरजच नाही. खाडीत, रानात, कड्यावर माणूस परका असतो, तिथे लपायला हवं. हा माळ माणसांचा आहे. इथे माणूस रोज येतो. इथे रोजच्या माणसासारखं दिसलं की झालं.” आणि मग माझ्याकडे त्याच शिवणकाम्या नजरेनं बघत म्हणाल्या, “तुझी आणि गोजराबाईंची उंची सारखीच आहे.”

“बाई, नाही,” मी म्हणालो.

“मला कॅमेरा चालवता येत नाही आणि गोजराबाईंनाही. लाजायचं काय त्यात? पूर्वी मोठमोठ्या नटांनी लुगडी नेसून रंगभूमी गाजवली.”

रात्रीची भाकरी झाल्यावर बाईंनी विषय काढला. गोजराबाईंनी साहजिकच विचारलं, एवढे धुतलेले कपडे सोडून लुगडं कशाला.

“तुम्ही इतके छान धुतलेत की ते आता मातीत नेववत नाहीत,” बाई म्हणाल्या. “आणि संध्याकाळी पाहिलं, ते पाखरू तुम्हाला ओळखतं. तुमचं लुगडं अंगावर असलं की ते मल्लिनाथलाही ओळखेल. द्याल का? अंगावरचंच हवं, धुतलेलं नको.”

गोजराबाई क्षणभर बाईंकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “घ्या की. पन ह्यांच्या मिशीचं काय?”

“पदर पुढे ओढू. आणि पाखरांना मिशीचं वावडं नसतं.”

बाईंनी मला नेसवलं. नटांना नेसवायचा हात, दोन मिनिटांत कासोटा पक्का बसला. मग गोजराबाईंनी मला अंगणात चालायला लावलं, आणि त्या माउलीनं माझी जी लाज काढली ती माझ्या सासूनंही कधी काढली नसेल.

“अवं, लगीनघरात शिरल्यावानी काय चालताय? कुनी ववाळायला न्हाई आलं. पाटी डोईवर हाय म्हनल्यावर मान ताठ ठिवायची आन् कंबर ढिली. आता वाका. अंहं, गुडघं मोडून न्हाई, कमरंतनं. आन् नुसतं वाकून उगं ऱ्हाऊ नगा, येचायचं. रिकामी पाटी घिऊन कुनी हिंडतं का?”

बाई बाजूला बसून सगळं टिपत होत्या. “ऐक त्यांचं,” मला म्हणाल्या. “लुगडं अंगावर नेसून भागत नाही, चालीत नेसावं लागतं.” कॅमेरा त्यांनी गोणपाटात गुंडाळून पाटीत बसवला, भिंगावर काळ्या कापडाचं झापड शिवलं म्हणजे ऊन चमकू नये, आणि वर रानशेण्या रचल्या.

सकाळी मी निघालो. एकटा, डाळिंबी लुगड्यात, मिशा पदराआड, डोक्यावर पाटी. बाई आणि गोजराबाई बांधाआड राहिल्या. माळाला वारा होता. कंबर ढिली ठेवायची हे ध्यानात होतं. वाकलो, वेचलं. उठलो, चाललो. थोड्या वेळानं मला खरंच शेण्या दिसायला लागल्या आणि चांगली वाळलेली दिसली की आनंद व्हायला लागला. तेव्हा कुठे मान वर केली, तर मादी समोर होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो आणि एक शेणी उचलली. तिनं मान खाली घातली आणि चरायला लागली.

गोजराबाईंच्या दगडावर मी टेकलो. पाटी उतरवली, तोंड तिच्याकडे केलं, काटा काढायचं निमित्त करून कॅमेरा सुरू केला. मादी होती, गवत होतं, मुरूम होता, तीन-चार दगड होते. पिल्लू नव्हतं. मी बराच वेळ पाहत राहिलो. तळपाय कुरवाळून कुरवाळून सोलायची वेळ आली. दुपारी साहेब येणार आणि मी त्यांना एक कोंबडीसारखं चरणारं मोठं पाखरू दाखवणार, असं मनात आलं.

मग त्यातला एक दगड चालायला लागला.

इतका वेळ मी त्याच्याकडेच बघत होतो. मातीच्या रंगाचं, त्यावर गवताच्या सावल्यांसारख्या रेघा, आणि कड कुठे संपते ते कळत नाही असं. ते आईच्या पायापाशी गेलं, तिनं चोचीतला नाकतोडा खाली टाकला, त्यानं तो उचलला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पदरानं पुसलं, पदर होताच. बाईंची सगळी ट्रंक त्या एवढ्याशा जिवाच्या अंगावर होती, आणि ती कोणी शिवली नव्हती.

पुरेसं झाल्यावर मी काटा निघाल्यासारखा पाय झटकला, पाटी घेतली आणि वळलो. बांधाआड पोचलो तेव्हा बाई उठून बसल्या. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांनी गोजराबाईंचा हात घट्ट धरला.

दुपारी साहेब आले. मागे रस्त्यावर मशीन उभी राहिली. गोजराबाईंच्या घोंगडीखाली डोकं घालून साहेबांनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पिल्लू पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, मग बाहेर येऊन चष्मा पुसला. ड्रायव्हरला म्हणाले, “मशीन फिरव.” गोजराबाई मटकन ओट्यावर बसल्या.

चहा पिताना साहेबांनी विचारलं, “पण इतक्या जवळ गेलात कसे? माझी माणसं गेली की पाखरू दोन शेतं सोडून जातं.”

काम फत्ते झालं होतं, मी खुशीत होतो. “अहो साहेब, त्याची गंमतच झाली. बाईंनी दोन पोशाख केले होते, ते–”

“ते या माळाला शोभणारेच नव्हते,” बाई शांतपणे म्हणाल्या. “माझी चूक. मी शहरातली, मला वाटलं इथे गवत व्हायला हवं. शेवटी गोजराबाईंचं लुगडं कामी आलं.”

साहेब हसले. मी बाईंकडे पाहत राहिलो. इतक्या महिन्यांचं काम, आयुष्यभराचा नावलौकिक, आणि परक्या माणसासमोर ते सगळं एका वाक्यात चूक म्हणून टाकून दिलं. आवाजही हलला नाही. कलावंत मी पुष्कळ पाहिले आहेत. एवढं मोठं मन पाहिलं नव्हतं.

निघताना बाई ट्रंक आवरत होत्या. मी जीपमध्ये कॅमेरा ठेवत होतो, तिथे गोजराबाई आल्या. हातात शेंगदाण्यांची पुरचुंडी होती. ती माझ्या हातात ठेवली आणि आवाज उतरवून म्हणाल्या,

“पावनं, एक सांगू? कापडं धुतली त्येचा घोळ झाला, व्हय ना?”

मी पुरचुंडी उगाच खिशात कोंबली.

“मी काय आंधळी हाय? बाईनं बाहीचा वास घेतला तवा त्येंचं त्वांड मी बघितलं. तुमी बोलाय गेला, त्येनी तुमच्या पायावर पाय दिला. रातभर डोळा लागला न्हाई मला. म्हनलं, गोजरे, तुज्या हातानं तू माळ बुडवला.” त्यांचे डोळे भरून आले होते. “आन् आत्ता सायबाफुडं माझा गुन्हा सोताच्या अंगावर घेतला बाईनं. माझ्या आईनं बी घेतला नसता.”

“मग त्यांना सांगा की तसं,” मी म्हणालो. “मी बोलावतो.”

“न्हाई न्हाई.” त्यांनी माझा दंड धरला. “बाईस्नी यातलं काय बी बोलू नगा. त्येनी येवढं झाकलं माझ्यासाठी, ते म्या उगडं करू?”

जीप डांबरी रस्त्याला लागली. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, दमलेल्या, मांडीवर ते दोन धुवट पोशाख घडी करून ठेवलेले. त्यांच्या नीळ-पावडरीचा वास गाडीभर पसरला होता. त्या खिडकीतून माळाकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

“मल्लिनाथ, गोजराबाईंना काही कळलं नाही ना रे?”

“नाही बाई,” मी म्हणालो. “काहीसुद्धा नाही.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि मागे टेकून त्यांनी डोळे मिटले.